सात नंबरच्या खोलीतला वाघ

मी वाघ बोलतोय. दचकू नका, पाय वर घेऊ नका. मी जंगलातला नाही, पांघरुणावरचा आहे. मेक्सिकोच्या सरहद्दीवरच्या नोगालेसमधल्या एका स्वस्त होटेलात सात नंबरच्या खोलीत पलंगावर पसरलेला असतो. ज्याला थंडी वाजेल त्याने मला नाकापर्यंत ओढून घ्यायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म गिरणीत झाला. आईबाप असे कुणी नाहीत, मोठं मशीन तेवढं आठवतं. माझ्याबरोबर अगदी माझ्याच तोंडाचे कितीतरी वाघ निघाले. शेजारी घोडे निघत होते, त्याच्या पलीकडे गुलाब. मग सगळ्यांच्या घड्या घालून आम्हाला प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबलं. पिशवीत मी फार घाबरलो होतो. माणसांना पांघरुणाची ऊब लागते हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. आपण वाघ आहोत, आपल्याला बघून लोक पळतील आणि आपण एकटेच राहू, असं वाटायचं.

आठवडी बाजारात मला डॉन इलारियोंनी उचललं. हे आमच्या होटेलचे मालक; आमच्याकडे मोठ्या पुरुषाला मानाने डॉन म्हणतात आणि बाईला दोन्या. आता ते नाहीत. मला खांद्यावर टाकून ते दारात आले, तर त्यांची बायको दोन्या ओब्दुलिया काउंटरवरूनच ओरडली, "वाघ कशाला आणलात? गिऱ्हाइकं झोपायला येतात, सर्कस बघायला नाही."

"अगं, तू समोर बसलेली असताना घाबरत नाहीत, तर याला काय घाबरतील!"

ती हसली नाही. पण त्या दिवसापासून मी सात नंबरला लागलो. होटेलातली सगळ्यात गार खोली ती. खिडकी मागच्या भिंतीवर उघडते, ऊन कधी येत नाही, म्हणून भाडं सगळ्यात कमी.

डॉन इलारियो गेल्यावर दोन्या ओब्दुलिया मला दिवसा काउंटरवर घेऊन बसू लागली. दारातून वारा येतो आणि तिचे गुडघे धरतात. ती मांडीवर मला घ्यायची आणि फोन कानाला लावायची. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं की मी परत सात नंबरला.

तिच्या मांडीवर बसूनच मी माणसं ओळखायला शिकलो. पैसेवाला फोन करतो आणि विचारतो, "खोली आहे का?" आहे म्हटलं की झालं. स्वस्त खोली मागणारा मात्र शंभर गोष्टी विचारतो. त्याला चूक परवडत नसते ना! गरम पाणी आहे का? बस जिथे थांबते तिथून चालत येता येईल का? बरोबर लहान मूल आहे, त्याचं वेगळं भाडं घ्याल का? आणि आई असेल तर सगळ्यात आधी विचारते, "खिडकीला फट नाही ना?"

"गरम पाणी सकाळी आहे," दोन्या सांगायची. "संध्याकाळी देवाची मर्जी."

कुणी दात करून घ्यायला यायचे, कुणी सरहद्दीपलीकडे जायची वाट बघत पडून राहायचे. आणि कुणी नुसते कुणाला तरी बघायला यायचे. पलीकडे अमेरिकेतही नोगालेसच आहे, नाव तेच. मधून उंच लोखंडी सळ्यांचं कुंपण गेलंय, टेकडी चढून, उतरून, परत चढून. ज्यांना इकडून तिकडे जायचे कागद नाहीत आणि ज्यांना तिकडून इकडे येता येत नाही, ते सळ्यांपाशी भेटतात.

दोन्या क्रिसांताचा पहिला फोन आला तेव्हा तिच्या मागे कोंबडा आरवत होता. ती दूर दक्षिणेला, नायारीत राज्यातल्या एका समुद्रकाठच्या गावातली. फोन शेजारणीचा.

"माझी लेक नोएमी पलीकडच्या नोगालेसला असते," ती म्हणाली. "गरोदर आहे. बाळ झालं की मला बघायला यायचंय. तुमच्याकडची सगळ्यात स्वस्त खोली हवी."

"सात नंबर. थंड आहे."

"थंड म्हणजे?"

"म्हणजे वाघ आहे पलंगावर, तो घेऊन झोपायचं."

 मग दोन्या ओब्दुलियाने समजावून सांगितलं आणि दोघी खूप हसल्या.

तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन. खोलीत पेज गरम करता येईल का? शेगडी गॅसची आहे का, गॅसची असेल तर मी पेटवणार नाही, माणसं झोपेत जातात म्हणे. चर्च जवळ आहे का? येताना गाडीत कुठल्या बाजूला बसू म्हणजे ऊन लागणार नाही? मी ऐकत राहायचो. जग बघायला निघालेली माणसंही एवढी तयारी करत नसतील. ही बाई एक बाळ बघायला निघाली होती.

बाळ जरा उशिराच आलं. मुलगी झाली, नाव इत्सेल. मग क्रिसांताने बेत पुढे ढकलला, कारण आमच्याकडे सव्वा महिन्याच्या आत बाळ-बाळंतीण उघड्यावर येत नाहीत. त्याच फोनमध्ये तिने ते विचारलं. मला वाटतं इतके महिने तिला तेच विचारायचं होतं.

"दोन्या, सळ्यांतून हात जातो ना?"

"हात? कोपरापर्यंत जातो! दारातून निघा, कोपरा वळा, कुंपण समोर. मागे एक बाई इथे राहिली होती, तिने पलीकडच्या भावाला अख्खा केक भरवला, तुकडा तुकडा करून."

"बाळाला हात लागेल ना, हे विचारतेय. माझी नजर जड आहे."

हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे लहान मुलाचं कौतुक केलं की त्याला हात लावायचा. 'काय गोड आहे' म्हटलं आणि हात न लावता निघून गेलं, की बाळाला दृष्ट लागते. ते तापतं, दूध टाकतं, किरकिर करतं. म्हणून बाजारात अनोळखी बायकासुद्धा गालाला बोट लावून पुढे जातात आणि आया हसत बाळ पुढे करतात. कौतुक तोंडाने बाहेर पडलं की ते हाताने पोचवून मोकळं व्हायचं. आणि काही माणसांची नजर जन्मतःच जड असते. त्यांनी तर हात लावलाच पाहिजे.

"शेजारणीच्या पपईला नुसतं छान म्हटलं होतं मी," क्रिसांता म्हणाली. "आठवड्यात वाळली."

"मग माझ्या होटेलाचं कौतुक करू नका," दोन्या ओब्दुलिया म्हणाली. "आधीच भिंतीला ओल आहे. आणि हाताची काळजी सोडा. मी सांगते ना, जातो."

जानेवारीत ती आली. टेकड्यांवर बर्फ होता. पायात उघड्या चपला, अंगावर विरलेली शाल, आणि हातात एवढी मोठी पिशवी. पिशवी खाली ठेवताच सगळ्या होटेलभर सुक्या कोळंबीचा वास सुटला.

"दोन्या क्रिसांता, तुम्ही समुद्रच उचलून आणलात की काय!"

"लेकीला आवडते. आणि थोडी तुम्हाला."

दोन्या ओब्दुलियाने कोळंबी घेतली, पण नियम सांगायचे सोडले नाहीत. मला थोपटत म्हणाली, "हा माझ्या नवऱ्याने आणलाय. याच्यावर सिगारेट नाही, कॉफी नाही, आणि हा खोलीबाहेर न्यायचा नाही."

क्रिसांताने मला पाहिलं आणि मी जन्मापासून ज्याला भीत होतो ते झालं नाही. ती घाबरली नाही. तिने आधी माझ्या कपाळाला हात लावला, मग म्हणाली, "काय देखणा आहे!"

सकाळी ती तयार होऊन निघाली, तर दातावर दात वाजत होते. काउंटरवरून दोन्या ओब्दुलियाने पाहिलं, तिच्या चपलांकडे पाहिलं आणि स्वतःच खोलीतून मला घेऊन आली.

"घ्या. पण जमिनीला लागू देऊ नका हं."

अशा रीतीने होटेलात आल्यापासून मी पहिल्यांदा आभाळाखाली गेलो. क्रिसांताने मला डोक्यावरून पाठीवर घेतलं होतं. माझं तोंड मागच्या बाजूला, म्हणून मला फक्त मागे पडत जाणारा रस्ता दिसत होता. कोपरा वळला. तिची पावलं भराभर पडत होती. मग एकदम थांबली.

पलीकडून एक तरुण आवाज आला, "अमा! अमा, इकडे!"

आणि क्रिसांता गर्रकन मागे वळली. म्हणजे तिने कुंपणाकडे पाठ केली. त्यामुळे मी कुंपणासमोर आलो, आणि सगळं मला दिसलं.

सळ्या होत्या, पण त्यांच्या दोन्ही अंगांना बारीक जाळी ठोकली होती. इकडे एक, तिकडे एक, मधे वीतभर पोकळी. बोटाचं नख जेमतेम आत जाईल. इकडून बोट घातलं आणि तिकडून बोट घातलं तरी दोन्ही एकमेकांपर्यंत पोचणार नाहीत. कणसं भाजणारा म्हातारा जवळच गाडी लावून उभा होता. त्याला क्रिसांताने विचारलं, "ही जाळी?"

"नाताळाच्या आधी ठोकली की."

दोन्या ओब्दुलियाला हे माहीत नव्हतं. गुडघ्यांमुळे ती कितीतरी महिने कोपऱ्यापलीकडे गेलीच नव्हती, आणि फोनवर मात्र जुनंच सांगत होती.

"अमा, पाठ का करून उभी आहेस?" नोएमी म्हणाली. "आम्ही इथे आहोत ना!"

"कळलं. तिला मला दाखवू नकोस. हात जात नाही."

"अगं, तू एवढ्या लांबून आलीस!"

"म्हणून काय तिला आजारी पाडून जाऊ?"

"तसं काही नसतं. इथे कुणी मानत नाही हे."

"तिथे नसतील मानत. ती नात कुणाची आहे? पपईवालीची."

"मग निदान मला तरी बघ, अमा. मी काय पपई आहे?"

क्रिसांताच्या पाठीला हुंदका आला. तो मला सगळा कळला, कारण मी त्याच पाठीवर होतो. "तिला झाक," ती म्हणाली, "मग तुला बघते."

नोएमीने बाळाच्या तोंडावर पदरासारखं कापड ओढलं. बाळ असं रडलं की कणीसवाल्यानेही मान वर केली. नोएमीने कापड काढलं. "नाही झाकणार मी. एवढ्या थंडीत झाकून न्यायला आणली का तिला!" आता ती पण रडत होती.

बाळ मात्र गप्प झालं. त्याला मी दिसलो.

मला किती जणांनी पांघरलं असेल, सांगता येणार नाही. पण असं मला कुणीच बघितलं नव्हतं. चेहरा मुठीएवढा. डोळे काळे, अजून नीट कशावर ठरत नव्हते, सरकत सरकत आले आणि माझ्या डोळ्यांवर येऊन थांबले. भीती नाही की काही नाही. मी एवढा मोठा, दात दाखवणारा, आणि जाळीपलीकडे ते इवलंसं माणूस माझ्याकडे बघतंय, जसं काही मीच आत्ता जन्मलोय. मला श्वास घेता येत असता तर तो अडकला असता. माणसं रोज असं काहीतरी घरात आणतात आणि मग भांडी घासतात, बस पकडतात. हे त्यांना कसं जमतं कोण जाणे.

जिचं नातं होतं तिने पाठ केली होती, आणि बघत होतो मी. मला ते बरोबर वाटेना. पण मी पांघरूण. मला वळता येत नाही.

"काय हो, भांडलात का मायलेकी?" कणीसवाला म्हणाला. 

तेवढ्यात दोन्या ओब्दुलिया लंगडत आली. "माझा वाघ ओला होईल म्हणून आले," ती लांबूनच म्हणाली. मग तिला जाळी दिसली. तिने जवळ येऊन जाळीला बोट लावलं, दाबून बघितलं, दुसरीकडे लावून बघितलं. 

"मी तुम्हाला फोनवर सांगितलं," ती म्हणाली. "एकदा नाही, त्यानंतर दर रविवारी सांगितलं."

"तुमचा काय दोष, दोन्या."

"माझाच. लोक माझ्या शब्दावर गाडीत बसतात."

कणीसवाला कणसाला खोचायची एक लांब काडी घेऊन पुढे आला. "ही जाईल आरपार. हिने शिवा बाळाला."

"काडीने?" क्रिसांता पाठमोरीच चिडली. "बाळ आहे की चुलीवरचं कणीस?"

"बघा बाई. मी आपलं सुचवलं."

दोन्या ओब्दुलिया काडीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग तिने माझा कोपरा हातात घेतला, काठाची लाल वीण दाताखाली धरली आणि कच्चकन तोडली.

"दोन्या! तुमच्या नवऱ्याचं आहे ते!"

"गप्प बसा. नवरा माझा, वाघ माझा." आणि ती सरसर उसवू लागली.

आधी मला गुदगुल्या झाल्या. मग काठावरून थंडी आत शिरायला लागली. थंडी मला पहिल्यांदाच वाजली. लाल धागा लांब लांब निघत होता. "हा सकाळपासून तुमच्या अंगावर आहे," दोन्या म्हणाली. "तुमच्या अंगाची ऊब आहे यात. हात नाही तर हाताचा धागा. चालेल का, सांगा."

 क्रिसांताचं काळीज माझ्या पोटाला धडधड लागत होतं. "मला कुणी असं शिकवलं नाही," ती हळू म्हणाली. "चालतं की नाही कुणाला विचारू?"

"करून बघा."

धाग्याचं टोक काडीला बांधलं. कणीसवाल्याने काडी पहिल्या जाळीतून घातली, पोकळीतून सरकवली, दुसऱ्या जाळीच्या भोकात नेताना दोनदा चुकला. "जरा उजवीकडे, काका," नोएमी पलीकडून सांगत होती. तिसऱ्यांदा गेली. नोएमीने टोक सोडवून घेतलं.

"कुठे लावू, अमा?"

"मनगटाला. गाठ मारू नकोस, रक्त थांबेल. नुसतं गुंडाळ."

दुसरं टोक क्रिसांताने आपल्या बोटाला गुंडाळलं. अजून पाठ तशीच.

"लावलंस?"

"लावलं."

तरी ती वळली नाही. तिला खात्री नव्हती. मलाही नव्हती, मी तर नुसता एक गिरणीतला धागा.

मग धाग्याला हिसका बसला. अगदी छोटा. थांबून परत बसला.

"ओढू नकोस नोएमी, तुटेल."

"मी कुठे ओढतेय? माझे दोन्ही हात तिच्याखाली आहेत. तिने मुठीत धरलाय, अमा. सोडत नाही."

तो हिसका माझ्यातूनच गेला. एका टोकाला सव्वा महिन्याची मूठ, दुसऱ्या टोकाला समुद्रकाठच्या म्हातारीचं बोट, आणि मधे मी. वाघ असण्यात काय मोठेपणा असेल तो असो, मला त्या क्षणी धागा असण्याचंच मोल वाटलं.

क्रिसांता वळली.

ती वळली तशी मीही वळलो, आणि माझ्यासमोर नुसता रस्ता, कणसाची गाडी आणि धूर. तिचा चेहरा मला दिसला नाही. नातीला पहिल्यांदा बघताना आजी कशी दिसते ते मला आजही माहीत नाही. पण ऐकलं सगळं.  ती बोलायला लागली आणि थांबेचना. केस बघा कसे, उभे राहिलेत. भुवया माझ्या आईच्या. हनुवटी कुणाची गं, तुझ्या नवऱ्याची? असू दे, छान आहे. नखं बघा, शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी. अगं नोएमी, तू वाळलीस किती, जेवतेस का? तुझे डोळे काळजीने आत गेलेत. इतके महिने कोंडून ठेवलेलं कौतुक त्या बाईने धागा बोटाला धरून मोकळं केलं.

"दोन्या, काडी फुकट नाही हं," शेवटी कणीसवाला म्हणाला. "कणीस पण घ्या." तिघींनीही घेतलं. नोएमीचं काही पलीकडे जाईना, म्हणून तिच्या वाटचं दोन्या ओब्दुलियाने तिला दाखवून दाखवून खाल्लं.

संध्याकाळी क्रिसांता काउंटरवर फोनजवळ बसून राहिली. मला गुंडाळून, न जेवता. दोन्या ओब्दुलिया पण तिथेच बसली. फोन वाजला तेव्हा दोघींनी एकदमच हात घातला.

"दूध प्यायली, अमा," नोएमी म्हणाली. आवाज मलाही ऐकू आला. "अंग गार आहे. हात लावून बघितलं परत परत. झोपलीय. धागा अजून मुठीत आहे."

क्रिसांताने फोन छातीशी धरला. मग तिला भूक लागली.

ती राहिली तेवढे दिवस रोज जाळीपाशी गेली, रोज नवा धागा घेऊन, कारण पलीकडचं टोक बाळ सोडत नसे आणि इकडचं टोक कापून द्यावं लागे. जाताना तिने माझ्या कपाळाला हात लावला. कोळंबीचा वास मात्र बरेच दिवस माझ्या अंगाला होता. मला तो आवडायचा.

आता माझं वय झालंय. रंग उडालाय, एक डोळा फिका पडलाय. दोन्या ओब्दुलिया अजून काउंटरवर बसते, पण दर आठवड्याला काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जाऊन जाळी बघून येते. फोनवर कुणी विचारलं, हात जातो का, तर ती आधी श्वास घेते. "नाही बाई, हात जात नाही. खोटं सांगणार नाही. धागा जातो. तो आमच्याकडे मिळेल."

आणि माणसं येतात. आजोबा येतात, आत्या येतात. एक बाप आला होता, त्याने धागा हातात घेतला आणि घाबरून दोनदा परत दिला. सगळे सात नंबरची खोली मागतात. रात्रभर मला अंगावर घेऊन आपली ऊब देतात आणि सकाळी लाजत लाजत माझा काठ उसवतात. मला पांघरून माणसाला ऊब मिळते असं मी समजत होतो. खरं तर माणसंच ती मला देतात, आणि मी ती धाग्याने पलीकडे पोचवतो.

माझे तीन काठ संपलेत, चौथा संपत आलाय. थंडी सगळीकडून येते. दोन्या म्हणते, नवं पांघरूण आणू, बाजारात गुलाबाचं चांगलं मिळतं. आणा, मी काही म्हणत नाही. पण तुमच्यापैकी कुणी उद्या सात नंबरला उतरलं आणि काठाला धागा उरला नसला, तर मोकळ्या हाताने जाळीपाशी जाऊ नका. माझ्या शेपटीपासून सुरुवात करा. सैल वीण आहे तिथे, सहज निघेल. वाघाला त्याचं काही वाटणार नाही.